बाराव्या वर्षानंतर पोरी मैदानावरून जातात कुठं?

माझी लेक तेरा वर्षांची आहे. परवा फुटबॉलच्या सरावाहून आली ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, आणि दारातूनच म्हणाली, "आई, आज आम्ही पाचजणीच होतो."

दोन वर्षांपूर्वी याच गटात एकवीस पोरी होत्या. आकडा पक्का आठवतो, कारण मे महिन्याच्या शिबिरात सगळ्यांसाठी लिंबू सरबत मी करून नेलं होतं आणि पेले मोजून घेतले होते.

उरलेल्या सोळा पोरींबद्दल मला लिहायचं आहे. त्यातल्या एकीच्या वडिलांची बदली झाली, ते सोडा. बाकी कुणाचा पाय मोडला नाही, कुणाला खेळ नकोसा झाला नाही. एकीला पाळी सुरू झाली. दोघींचा आठवीचा क्लास नेमका संध्याकाळी साडेपाचला. एकीच्या काकांना मैदानाच्या कट्ट्यावर बसणारी पोरं पटेनात. कट्ट्यावरची पोरं उठली नाहीत, पोरगी घरी बसली. आणि बऱ्याच जणींच्या घरी नुसतं "आता पुरे" एवढंच झालं. कारण सांगावं असंही कुणाला वाटलं नाही.

हे सगळं कोल्हापुरात घडतंय. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असला की अर्धं गाव गॅलरीत असतं. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस या संघांची नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. आमचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा आम्हा सगळ्यांनाच तो घरचा वाटला होता. फुटबॉल म्हणजे काय हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

माझे बाबा सामना बघून आले की जेवताना ताटातल्या वाट्या सरकवून गोल कसा झाला ते दाखवायचे. लिंबाची फोड म्हणजे बॉल. ऑफसाइड मला सहावीतच कळला होता, दादाला कळायच्या आधी. पण स्टेडियमवर दादा जायचा. मी गच्चीवरून आरडाओरडा ऐकून कुणी गोल मारला असेल याचा अंदाज करत बसायची. बाबांनी मला कधी नाही म्हटलं नाही, कारण मी विचारलंच नाही. आणि पोरीलाही न्यावं हे त्यांच्या मनातच आलं नाही. ते प्रेमळ होते, म्हणून जास्त लागतं. पोरींचं खेळणं दरवेळी कुणी दुष्टपणानं थांबवतं असं नाही. कुणाच्या मनातच येत नाही, म्हणून थांबतं.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. सामना होता आणि गणवेश पांढरी चड्डी. सकाळी लेक न्हाणीघरातून बाहेर येईना. दार वाजवलं तर आतून रडवेला आवाज, "मी जात नाही." ती "जात नाही" म्हणाली आणि मला काय ते कळलं. दुसरा दिवस होता तिचा. शाळेची निळी पीटीची चड्डी शोधून दिली, स्कूटरवर मागं बसवलं आणि मैदानावर जाऊन कोचना स्पष्ट सांगितलं. तरणा मुलगा आहे, कानापर्यंत लाल झाला. पण दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, "काकू, सगळ्यांना निळ्याच सांगितल्यात." मला त्या पोराचं फार कौतुक वाटतं. इंग्लंडच्या महिला संघालाही पांढऱ्या चड्ड्या जाऊन निळ्या मिळायला २०२३ उजाडावं लागलं. म्हणजे इतकी साधी गोष्ट तिथंही कुणीतरी बोलून दाखवेपर्यंत झाली नव्हती.

त्याच इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० ला बायकांचा सामना बघायला ५३,००० लोक आले होते. वर्षभरात तिथल्या संघटनेनं, हा खेळ बायकांना शोभत नाही म्हणून, आपल्या मैदानांवर त्यांना बंदी केली. ती उठायला जवळपास पन्नास वर्षं लागली. "पोरीच्या जातीला शोभत नाही" हे वाक्य आपल्या आजीनं शोधून काढलेलं नाही, बायांनो. ते साहेबांच्या कागदावरही होतं, आणि तिथंही ते खोटंच निघालं.

आपल्या पोरी कधी खेळल्याच नाहीत, असंही कुणी समजू नये. १९८३ साली महिला आशियाई चषकाच्या अंतिम सामन्यात भारत होता. बँकॉकमध्ये थायलंडकडून हरलो. पुढं २०२२ मध्ये हीच स्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली, आणि कोरोनानं संघ आजारी पडला म्हणून घरच्या स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. मग ५ जुलै २०२५ ला आपल्या पोरींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवलं आणि आशियाई चषक गाठला. पात्रता फेरी जिंकून तिथं पोचायची ही पहिलीच वेळ. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. त्या रात्री आमच्या घरी लेकीनं वाट्या मांडून दुसरा गोल दाखवला. मी तिच्याकडे बघत बसले, माझं जेवण तसंच राहिलं.

आपल्याच गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर फुटबॉल खेळत खेळत प्रशिक्षक झाल्या, आशियाई फुटबॉल महासंघाचं (एएफसी) प्रशिक्षकाचं 'ए' लायसन्स मिळवलं, देशाच्या फुटबॉल महासंघात लहान मुलांच्या फुटबॉलचं काम पाहिलं. खेड्यातून. कोल्हापुरातल्या किती पोरींना हे नाव माहीत आहे? आमच्या गटात विचारलं तर एकीलाही नव्हतं. मला याचं वाईट वाटलं.

तरीही "खेळून काय होणार?" या प्रश्नाला मी अंजूताईंचं नाव उत्तर म्हणून देणार नाही. पोरगा गल्लीत खेळतो तेव्हा त्याला कुणी विचारतं का, पुढं काय होणार म्हणून? झाली कोण तर झाली. नाही झाली तरी पडल्यावर उठून परत धावायला शिकली, दहाजणींवर हक्कानं ओरडायला शिकली. माझ्या लेकीचा आवाज मैदानावर जेवढा मोठा असतो तेवढा वर्गात नसतो. तो आवाज तिच्याकडे राहू द्या, एवढंच मला पाहिजे.

आता कामाचं. बारा ते चौदा ही दोन वर्षं पोरीला धरून ठेवा. तिथं टिकली की ती पुढं स्वतःच टिकते. पाळीबद्दल आधीच बोला, पॅड किटबॅगेत असू द्या. गुडघ्याची काळजी घ्या, मुलींच्या गुडघ्यातला लिगामेंट मुलांपेक्षा जास्त वेळा दुखावतो. फिफाचं '११ प्लस' नावाचं वीस मिनिटांचं वॉर्मअप आहे, त्यासाठी महागडं काही लागत नाही. कोचना करून घ्यायला सांगा. घरी यायला अंधार होतो ही भीती खरी आहे, मलाही वाटते. आम्ही चौघीजणींनी वार वाटून घेतलेत, एक आई रोज मैदानावर असतेच.

आणि इथले फुटबॉल संघ चालवणाऱ्या तालीम मंडळांना हात जोडून विनंती. आठवड्यातून दोन दिवस, उजेड असताना, दीड तास मैदान पोरींच्या नावावर लिहून द्या. जवळ एक बंद होणारा संडास असू द्या. मी एका शाळेत मुलींच्या संघाचं विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "अकरा पोरी आणून द्या, मग बघू." मुलांचा संघ काढताना कुणाच्या आईला अकरा पोरं गोळा करायला सांगितलं होतं?

आमच्या सासूबाई सुरुवातीला रोज म्हणायच्या, "पोर काळी पडली उन्हानं." आता सामन्याच्या दिवशी त्याच तिला पुढ्यात घेऊन दोन घट्ट वेण्या घालतात. "क्यास डोळ्यांत येत्यात तिच्या, बॉल कसा दिसंल?"

सोळापैकी सहा घरी मी या आठवड्यात जाऊन आले. दोन ठिकाणी चहा मिळाला आणि नकार मिळाला. एका आईनं दारातच विचारलं, "सराव किती वाजता असतो हो?" साडेपाचला असतो. गुरुवार माझ्या वाटणीचा आहे, तिच्या पोरीला मीच घेऊन जाणार आहे.