तक्रार नाही, वास नाही, म्हणून सेवा उत्तम?

नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. अपघातात मणक्याला किंवा मेंदूला मोठी इजा झालेला माणूस घरी आणला, की त्याची शुश्रूषा नीट चालली आहे का हे म्हणे पाच मिनिटांत ओळखता येतं. रुग्ण तक्रार करत नाही, खोलीला वास नाही, चादर स्वच्छ आहे, एअर बेड असल्यामुळे अंगावर एकही जखम नाही, रोज तेलाने मालिश होते, सगळं घरचंच माणूस करतं आणि रुग्णाला पाण्याचा पेलासुद्धा उचलावा लागत नाही: एवढं दिसलं की सेवा उत्तम. नाही दिसलं तर हयगय. भेटायला जाणाऱ्यांनी हे तपासून घ्यावं, असा सल्लाही जोडलेला आहे.

लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण मणक्याच्या रुग्णांच्या घरी पुनर्वसनाच्या कामासाठी मी जाते, आणि या खुणा लावून कोणी निकाल द्यायला लागलं तर नीट करणाऱ्या घरावर ठपका येईल आणि धोक्यातलं घर शाबासकी मिळवेल.

“रुग्ण तक्रार करत नाही.” सगळ्यात घातक मुद्दा हा. मणक्यातला मज्जारज्जू तुटला किंवा चेपला गेला, की त्या पातळीच्या खालचं दुखणं अनेकदा मेंदूपर्यंत पोचत नाही. माकडहाडावर जखम होत असेल, टाच गादीवर घासून सोलली असेल, पायाचं बोट खुर्चीच्या चाकात अडकलं असेल, तरी माणूस शांतपणे टीव्ही बघत असतो. त्याची शांतता आपल्याला काहीच सांगत नाही. सांगतं ते त्याचं शरीर, पण वेगळ्या भाषेत. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर लघवीची नळी दुमडल्यासारख्या साध्या कारणानेही रक्तदाब एकदम उसळतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम येतो, अंगावर काटा उभा राहतो. अशा माणसाचा वरचा रक्तदाब एरवी ९० ते ११०च्या घरात असतो, त्यामुळे १४० हा आकडा इतरांना किरकोळ वाटला तरी त्याच्यासाठी धोक्याचा. तेव्हा लगेच उठून बसवायचं, पाय खाली सोडायचे, नाडी-पट्टा सैल करायचा, नळी आणि पिशवी बघायची, पोट साफ झालं होतं का आठवायचं. आणि कारण सापडलं नाही किंवा दाब उतरला नाही तर दवाखाना गाठायचा. “डोकं दुखतंय, क्रोसिन द्या आणि झोपू द्या” असं करणाऱ्या घरात रुग्णाला पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून घरच्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते: अचानक डोकं दुखायला लागलं तर आधी काय कराल? या उत्तरावरून मला जेवढं कळतं, तेवढं अख्खी खोली बघून कळत नाही.

मेंदूला मार लागलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. कपाळामागच्या भागाला इजा झाली की काही जणांचा पुढाकारच संपतो. भूक लागली तरी ते मागत नाहीत. काहींना आपल्यात काही बदललं आहे याचीच जाणीव नसते.

आणि ज्याला सगळं कळतं, दुखतं, बोलता येतं, तो तरी कोणापाशी तक्रार करणार? जी बायको पहाटे उठून त्याचं सगळं आवरते, तिच्याच समोर बसून तुम्ही विचारणार, “काय दादा, वहिनी नीट बघतात ना?” तो “हो” म्हणणारच. विचारायचं तर एकट्याला गाठून, आणि हो-नाहीत उत्तर मिळणार नाही असं विचारायचं. काल रात्री कूस कितीदा बदलली? अंघोळ शेवटची कधी झाली, आणि ती वेळ कोणी ठरवली? तहान लागल्यावर हाक मारायला कसं वाटतं? लघवीची धास्ती नको म्हणून पाणीच कमी पिणारे लोक मी पाहिले आहेत. खोली लख्ख, चादर कडक, आणि माणूस दिवसभर तहानलेला.

“खोलीला वास नाही, चादर स्वच्छ.” पाहुणे येणार म्हटलं की चादर कोणीही बदलतं. चादरीखालच्या मेणकापडावर घाम साचून कातडी भिजलेली असते, ती बघायला चादर उचलावी लागते आणि रुग्णाला कुशीवर वळवावं लागतं. ते काम पाहुण्यांचं नव्हे, हेही सांगून टाकते. दर्जा तपासायला आलोय म्हणत कोणाचं पांघरूण दूर करायचा हक्क काकांना नाही. ते घरच्यांनी किंवा नर्सने रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं: माकडहाड, बसायची हाडं, खुबे, टाचा, घोटे, डोक्याचा मागचा भाग. पुस्तकात “लाली दिसते” असं लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे बोटांनी चाचपावं लागतं: आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, टणक किंवा लिबलिबीत वाटतंय का, रंग जांभळट झालाय का.

वासाबद्दल उलटही घडतं. लघवी गढूळ दिसली, वास आला, की “इन्फेक्शन झालं” म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणलं जातं. कायमची नळी असेल तर लघवीत जंतू सापडणं जवळपास ठरलेलंच. ताप, थंडी, पायांचे झटके अचानक वाढणं, रक्त, वरचा तो डोकं ठणकण्याचा प्रकार, यांपैकी काही नसताना नुसत्या वासावर औषध देत राहिलं तर पुढे खरंच लागेल तेव्हा ते औषध चालत नाही. ज्यांना जमतं त्यांनी कायमच्या नळीऐवजी दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामं करावं, ही पद्धत १९७२पासून वापरात आहे. ती घरात शिकवली आहे का, हा प्रश्न वासापेक्षा जास्त कामाचा.

“एअर बेड आहे आणि एकही जखम नाही.” एअर बेड जरूर घ्यावा. पण तो कूस बदलण्याच्या जागी येत नाही, आणि वीज गेली की पंप बंद. ज्या गावात भारनियमन आहे तिथे तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. गादी पुरेशी फुगलेली आहे का हेही कोणी बघत नाही. माकडहाडाच्या खाली, गादीखाली तळहात वर करून सरकवा. हाड हाताला टेकत असेल तर ती गादी असून नसल्यासारखी. शिवाय हा माणूस दिवसाचे सहा तास व्हीलचेअरवर दुमडलेल्या गोधडीवर बसतो, त्याचं काय? बसायच्या हाडांवरच्या जखमा तिथे होतात. खुर्चीत दर पंधरा ते तीस मिनिटांनी भार हलका करायचा असतो, पुढे वाकून किंवा एका बाजूला कलून. मधे भोक असलेली रबरी ट्यूब बसायला देऊ नये. तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

दर दोन तासांनी कूस, हा नियम बऱ्याच जणांना पाठ असतो. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याच्या जखमी सैनिकांचा विभाग सुरू केला, तिथे रात्रंदिवस दोन-दोन तासांनी रुग्ण वळवले जात. त्याआधी कमरेखाली लुळे झालेले बहुतेक जण शय्याव्रणांनी, म्हणजे पडून राहून झालेल्या जखमांनी, आणि लघवीच्या संसर्गाने लवकर दगावत. आज गादी कशी आहे आणि कातडी काय सांगते यावर ही वेळ कमी-जास्त करतात. दाब काढल्यावर अर्ध्या तासातही डाग जात नसेल, तर वेळ कमी करायची.

मग जखम झालीच तर? मजकूर म्हणतो, हयगय. मला हे वाक्य वाचून राग आला. कित्येक जखमा घरी सुरूच झालेल्या नसतात. अपघातानंतर कडक फळीवर, स्ट्रेचरवर, ऑपरेशनच्या टेबलावर गेलेल्या तासांत आतलं मांस चेपलं जातं आणि वर कातडीवर खूण दोन-तीन दिवसांनी उमटते. तोवर डिस्चार्ज झालेला असू शकतो, आणि बोल लागतो घरच्या सुनेला. म्हणूनच घरी आणलं त्याच दिवशी तारखेसह फोटो काढून ठेवा. जखम दिसली की घराची परीक्षा अशी: ती कोणाच्या लक्षात कधी आली, त्यानंतर काय बदललं, आणि महिन्याभरात ती लहान झाली की मोठी.

“रोज मालिश.” हाडावरचा डाग चोळू नये, आतलं फाटतं. एकच पाय सुजला असेल तर तोही चोळू नये, रक्ताची गाठ असू शकते. संवेदना नसलेल्या पायाला गरम पिशवीचा शेक देऊ नये. भाजलेलं त्याला कळत नाही. बाकी हातापायाला हलकं तेल लावा, कोणाची हरकत नाही.

“सगळं घरचंच माणूस करतं.” म्हणजे बहुतेक वेळा एकच बाई करते: आई, बायको किंवा सून. मजकुरात याला माया म्हटलंय. माया असेलही. पण ती बाई तापाने पडली तर उद्या नळी कोण बदलणार, याचं उत्तर घरात नसेल तर ती व्यवस्था एका पाठीच्या कण्यावर उभी आहे, आणि तोही रोज पासष्ट-सत्तर किलोचं माणूस पलंगावरून खुर्चीत उचलून दुखावलेला असतो. पलंग आणि खुर्चीच्या मधे टेकवून माणसाला सरकवायची गुळगुळीत सरकफळी वापरली तर हे ओझं बरंच कमी होतं. ती फळी घरात आहे का, बघा. सेवेचा दर्जा बघणाऱ्याने सेवा करणाऱ्याची झोपही मोजली पाहिजे. सांभाळणाऱ्यावरचा ताण मोजायची झारिट प्रश्नावली १९८०पासून आहे. आपल्याकडे ती डिस्चार्जच्या कागदांत सहसा दिसत नाही.

“पगारी माणूस घरच्यासारखं करणार नाही” हेही अर्धंच खरं. नर्सिंग ब्युरोकडून येणाऱ्या मावशींना किंवा ब्रदरना मणक्याच्या रुग्णाचं शिक्षण असेलच असं नाही. पण घरच्यांनाही ते जन्मजात नसतं. दोघांनाही शिकवावं लागतं. वर मावशींकडून पोळ्याही करून घ्यायच्या आणि रुग्णाला वळवायला उशीर झाला की ओरडायचं, हा प्रकार सर्रास चालतो. आणि काही गोष्टी परक्या माणसाकडून करून घेणं रुग्णालाच सोपं जातं. विशीतल्या मुलाला आईने शौचाचं बघावं की पगारी ब्रदरने, हे त्या मुलाला विचारलंय कोणी?

पगारी मदत म्हणजे प्रेम कमी पडल्याची कबुली, असं कायद्यालाही वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या एका निकालात अपघातात कायमचं अपंगत्व आलेल्या मुलीसाठी दोन मदतनीस गृहीत धरले, प्रत्येकी महिना ५,००० रुपये धरून वर्षाच्या खर्चाला १८ने गुणलं आणि नुसत्या त्या खर्चापोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. आजच्या दरात ५,००० रुपयांत काय येतं ते सोडा. तत्त्व महत्त्वाचं आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४मध्येही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख आहे. मोटार अपघाताचा दावा चालू असेल तर मदतनिसांच्या पगाराच्या पावत्या जपून ठेवा, आणि घरचं माणूस नोकरी सोडून बसलं असेल तर तेही वकिलांना सांगा.

“पाण्याचा पेलासुद्धा उचलावा लागत नाही.” इथे मजकूर सरळ उलटा आहे. मानेच्या सहाव्या पातळीला इजा झालेल्या माणसाची बोटं हलत नाहीत, पण मनगट वर उचललं की ती आपोआप थोडी मिटतात. त्या पकडीवर हलका पेला धरता येतो, हाताला पट्टा बांधला की चमच्याने जेवता येतं. ही पकड स्नायूंच्या थोड्या आखडण्यावर टिकते. प्रेमाने रोज मनगट वर आणि बोटं सरळ ताणणाऱ्या घरात ती कायमची जाते. कमरेखाली लुळा झालेला माणूस तर कपडे घालणं, खुर्चीत सरकणं, आरसा धरून आपली कातडी बघणं, स्वतः नळी घालणं, हे बहुतेक सगळं शिकू शकतो. पुण्यात खडकीला १९७४पासून मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथले लोक व्हीलचेअरवर खेळतात, तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून गंभीर जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. सगळ्यांनी पदक आणावं असं मी म्हणत नाही. पण स्वतःच्या हाताने जेवायला माणसाला पाऊण तास लागत असेल, शर्टावर आमटी सांडत असेल आणि घरचे शेजारी बसून वाट बघत असतील, तर या मजकुराच्या हिशेबात ते घर नापास होतं. माझ्या वहीत त्या घरापुढे मी लिहिते: चमचा चालू, पुढच्या भेटीत पेला.