ओळख आधी, मदत नंतर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रेल्वेत कुणी आपल्याला टीसी समजून काही विचारलं, तर पहिलं वाक्य ‘मी प्रवासी आहे’ हेच असावं, या माझ्या लेखातल्या सल्ल्यावर तुमचा आक्षेप आहे. उत्तर ठाऊक असताना असं हात झटकणं माणुसकीला धरून नाही, आणि कायद्याचा उल्लेख करून टीसीसारखाच काळा कोट घालणाऱ्या वकिलांना मी विनाकारण घाबरवतो आहे, असं तुम्ही लिहिलंत.

मदत करू नका, असं माझं म्हणणं नाही. फक्त आधी ओळख द्या आणि मग मदत करा. सहप्रवाशाने सांगितलेलं माणूस आणखी एकाला विचारून पडताळतो. टीसीने सांगितलेलं मात्र तो तसंच अमलात आणतो.

सगळ्यात जास्त नुकसान परवानगीच्या प्रश्नात होतं. जनरलचं तिकीट असलेला माणूस स्लीपरच्या दारात विचारतो, ‘साहेब, इथे बसू का? फरक भरतो.’ तुम्ही सहज म्हणता, ‘बसा की, जागा आहे.’ तुमच्या लेखी ते सौजन्य असतं, पण त्याला परवानगी मिळालेली असते. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ५५ प्रमाणे योग्य तिकिटाशिवाय डब्यात थांबायला अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी लागते, आणि एरवी तो कर्मचारी तसा दाखलाही देतो. दाखला हातात असेल तर कलम १३८ खालचा जादा आकार लागत नाही. नसेल तर भाड्यातला फरक भरावा लागतोच, शिवाय तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते वर. ‘त्या कोटवाल्या साहेबांनी बसवलं’ हे सांगून त्यातून सुटका होत नाही. बोललात तुम्ही, पैसे गेले त्याचे.

रिकाम्या बर्थचंही तसंच. डोळ्यांना रिकामा दिसणारा बर्थ पुढच्या स्टेशनवर चढणाऱ्याचा असू शकतो. खरोखर कुणी आलं नाही, तरी त्यावर आधी आरएसीवाल्यांचा, म्हणजे एका बर्थवर दोघांत बसायची जागा मिळालेल्यांचा हक्क, मग वेटिंगवाल्यांचा. साइड लोअरवर दोघं अवघडून बसलेले असताना तिसऱ्याला ‘तो ३२ नंबर घ्या’ म्हणणं त्या दोघांवर अन्याय आहे. हे वाटप टीसी हातातल्या यंत्रावर किंवा चार्टवर बघून करतो. आपल्याला ते दिसत नाही, म्हणून इथे ठाम उत्तर देऊच नये.

माहितीच्या प्रश्नांना मात्र खुशाल उत्तर द्या, पण ती कुठून कळली तेही सांगा. ‘मीही प्रवासीच आहे. ॲपवर फलाट ४ दिसतोय, पण फलक बघा आणि घोषणा ऐका.’ फलाट ऐनवेळी बदलतो. डब्यांची जागा तर आणखी फसवी, कारण वाटेत इंजिन दुसऱ्या टोकाला लागलं की पुढचे डबे मागे जातात. एलएचबी या नव्या धाटणीच्या गाड्यांचा एक डबा सुमारे २४ मीटरचा, म्हणजे बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब. दोन मिनिटांच्या थांब्यावर सामान घेऊन चुकीच्या टोकाला उभा राहिलेला माणूस आपल्या डब्यापर्यंत पोहोचत नाही.

आता कायद्याचं. काळा कोट घालणं हा गुन्हा नाही, हे तुमचं बरोबर आहे आणि मूळ लेखातही मी तेच लिहिलं होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ मध्ये लोकसेवकासारखा पोशाख गुन्हा ठरतो तो फसवण्याचा हेतू किंवा तशी जाणीव असेल तेव्हा. कलम २०४ त्याहून कडक आहे. लोकसेवक असल्याचं भासवून त्या नात्याने काही केलं किंवा करू पाहिलं, तर किमान ६ महिने, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद आणि दंड. कोर्टातून परतणाऱ्या वकिलाला यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याने कुणी पुढे केलेलं तिकीट तपासायला घेऊ नये, कुणाचं ओळखपत्र मागू नये आणि ‘साहेब, बघा ना काहीतरी’ म्हणत सरकवलेल्या नोटेला क्षणभरही हात लावू नये. कोट काढून खुंटीला अडकवला आणि गळ्यातलं ओळखपत्र खिशात ठेवलं, तर बहुतेक प्रश्न येतच नाहीत.

‘मी कर्मचारी नाही’ हे म्हाताऱ्या माणसाला तोडून टाकल्यासारखं वाटतं, हा तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो. म्हणून तिथेच थांबू नका. ‘आजी, मी टीसी नाही, तुमच्यासारखाच प्रवासी आहे. तिकीट दाखवा, डबा शोधू या.’ इथे तिकीट बघण्यात काहीच गैर नाही, कारण तुम्ही कोण हे त्यांना कळलेलं असतं. टीसीच हवा असेल तर शेजारच्या डब्यांत बघावं लागतं, कारण एकाकडे अनेक डबे असतात. आजींना गाडीभर फिरवण्यापेक्षा त्यांना जागेवर बसवून आपण शोधणं बरं.

या क्रमाला अपवाद एकच, जिवावर बेतलेला प्रसंग. कुणी कोसळलं आणि लोक तुम्हाला साहेब समजून हाका मारू लागले, तर ओळख सांगत बसू नका. १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकाला फोन लावा. गाडी क्रमांक, डबा, बर्थ आणि पुढचं स्टेशन सांगा, पीएनआर असेल तर तोही द्या. दुसऱ्या कुणाला टीसीकडे पिटाळा. प्रथमोपचार पेटी ट्रेन मॅनेजरकडे, म्हणजे पूर्वीच्या गार्डकडे असते. डब्यात डॉक्टर आहे का, तेही मोठ्याने विचारा. टीसी आला की काय झालं आणि फोन किती वाजता केला, हे त्याला सांगा आणि पुढचं त्याच्यावर सोपवा.