बसलेली परिचारिका

आज सकाळी माझी भाची रात्रपाळी संपवून फोंड्याला घरी आली आणि चहासुद्धा न घेता तिने माझ्यासमोर एक कागद ठेवला. ती ज्या खासगी रुग्णालयात काम करते, तिथल्या व्यवस्थापनाने तिला दिलेला तो मेमो होता. गेल्या आठवड्यात पहाटे २ वाजून ४० मिनिटांपासून ३ वाजून ५ मिनिटांपर्यंत आपण रुग्णाच्या खाटेजवळ खुर्चीवर बसलेल्या कॅमेऱ्यात दिसत आहात, कामाच्या वेळेत विश्रांती घेतल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये याचा लेखी खुलासा ४८ तासांत करावा, असा त्यातला मजकूर. रुग्णालयाचे नाव मी लिहिणार नाही, कारण तिला आज रात्रीही तिथेच जायचे आहे.

ती पंचवीस मिनिटे काय करीत होती, ते मी सांगते. एका बाईला रक्त चढवायला नुकतीच सुरुवात झाली होती. रक्त मानवले नाही तर थंडी भरून येणे, अंगावर गांधी उठणे, कंबरेत कळा येणे, श्वास कोंडणे अशी लक्षणे बहुधा सुरुवातीच्या मिनिटांतच दिसू लागतात आणि तेव्हा रक्त ताबडतोब बंद करावे लागते. म्हणून पहिली पंधरा मिनिटे परिचारिकेने खाटेजवळून हलायचे नसते, हे प्रशिक्षणात शिकवले जाते. पंधरा मिनिटांनी तिने ताप, नाडी, रक्तदाब पाहिला आणि वेळ घालून केस पेपरवर लिहिला. पुढची दहा मिनिटे ती बसून राहिली, कारण ती बाई घाबरली होती आणि तिचा हात सोडत नव्हती. आम्हा परिचारिकांना पहिल्या वर्षापासून बजावले जाते की जे लिहिले नाही ते केलेच नाही. इथे तर लिहिलेले होते. कॅमेरा पाहणाऱ्या माणसाने तो केस पेपर मागवून एकदा उघडला असता तर हा मेमो निघालाच नसता.

मी स्वतः तेहतीस वर्षे वॉर्डात काढली. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली श्रावणातली एक रात्र मला आज सकाळपासून सारखी आठवते आहे. सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, राबणारे म्हातारे आजोबा अशक्त हृदयामुळे दाखल होते. त्यांचे सलाईन चालू होते. मी औषधांची ट्रे घेऊन घाईने पुढे जात असताना ते म्हणाले, "बाय, मात्शें बस गो हांगा," म्हणजे जरा बस गं इथे. आणखी सोळा रुग्ण बाकी होते. तरीही मी स्टूल ओढून बसले.

बसले म्हणून मला त्यांचा श्वास ऐकू आला. उभ्याने, दोन खाटांच्या मधल्या वाटेवरून, ते म्हातारे नुसते जागे आहेत एवढेच दिसत होते. जवळ बसल्यावर मात्र छातीतला बुडबुडल्यासारखा आवाज कानावर आला, मानेच्या फुगलेल्या शिरा दिसल्या. मी घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ते चौतीस भरले. सलाईन ठरवल्यापेक्षा भरभर गेले होते आणि फुप्फुसांत पाणी साचू लागले होते. मी सलाईन बंद केले, खाट डोक्याकडून उंच केली, ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना उठवले. लघवीवाटे पाणी काढणारे लॅसिक्स दिल्यावर तासाभराने त्यांचा श्वास शांत झाला.

आता मला कोणी सांगावे की त्या रात्री मी विश्रांती घेत होते! व्यवस्थापनाच्या खुर्चीत बसलेल्या किती जणांनी आयुष्यात एक तरी रात्रपाळी केली आहे? माझ्या भाचीच्या वॉर्डात त्या रात्री बावीस रुग्ण होते आणि परिचारिका दोघी. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष वैद्यकीय महाविद्यालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी असे सांगतात. बाकीच्या परिचारिका कुठे आहेत, याचा खुलासा ४८ तासांत कोणी कोणाकडे मागायचा? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा अशी शिफारस केली होती. तो मिळत नाही, म्हणून आपल्याकडच्या मुली गोमेकॉच्या, म्हणजे सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, नोकरीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसतात, आणि त्या गेल्या की मुली टिकत नाहीत अशी तक्रार हेच व्यवस्थापन करते.

कॅमेरे काढून टाका असे मी म्हणत नाही, कारण नातेवाईक रात्री परिचारिकेच्या अंगावर धावून येतात तेव्हा तोच कॅमेरा तिच्या बाजूने साक्ष देतो. पाळीवर झोपणाऱ्या मुलीही मी पाहिल्या आहेत आणि त्यांना मीच फैलावर घेतले आहे.

अरुणा शानबाग यांची आठवण तुम्हा सर्वांना आहेच. १९७३ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून २०१५ पर्यंत मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी आपल्या या सहकारिणीला सांभाळले, आणि महापालिकेने त्यांना तिथून हलवण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्याच परिचारिका आडव्या आल्या. अरुणा यांच्या दयामरणाच्या याचिकेवरील २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क रुग्णालयातल्या याच माणसांचा मानला. जवळपास ४२ वर्षे कोणी ना कोणी त्या खाटेजवळ बसले होते, त्याशिवाय हे झाले असते का?

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे, म्हणून त्या रात्रीचे राहिलेले सांगते. आजोबांचा श्वास शांत झाल्यावरही मी त्यांच्याजवळच होते आणि तेवढ्यात मेट्रन, म्हणजे आमच्या मुख्य परिचारिका, फेरीवर आल्या. मी दचकून उठू लागले. त्यांनी खुणेनेच मला बसवले, केस पेपर उचलला, टॉर्चच्या उजेडात शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, माझी ट्रे घेतली आणि उरलेल्या रुग्णांची इंजेक्शने स्वतः दिली. मेट्रनही वॉर्डात काम करतच वर चढल्या होत्या. हिशेब, खाटांची संख्या, वरून येणारा दबाव हे सगळे त्यांच्याही मागे होते, आणि आम्ही मुली त्यांच्या अडचणी कधी समजून घेत नव्हतो, हेही आज मला मान्य करावे लागते. पण माझ्याविषयी काही ठरवण्याआधी त्यांनी कागद वाचला. माझ्या भाचीसाठी मी एवढेच मागते आहे.

आजोबा नवव्या दिवशी घरी गेले. मुलाच्या हाती त्यांनी मला केळींचा घड पाठवला होता.

दुपारी भाचीने झोपायचे सोडून खुलासा लिहायला घेतला. पहिल्या पंधरा मिनिटांचे तिने नेमके लिहिले, वेळांसकट, केस पेपरच्या प्रतीसह. मग लेखणी थांबवून तिने विचारले, "मावशी, पुढच्या दहा मिनिटांचे काय लिहू? बाई घाबरली होती असे लिहिले तर चालेल ना?" मी म्हटले, तसेच लिही, आणि हात धरला होता हेही लिही. तिने ते लिहिले, सही केली आणि संध्याकाळच्या बसने ती पाळीवर गेली.