तारखेच्या रकान्यात मजकूर कोंबणाऱ्यांनो, एकदा बंदरावर येऊन तोंड दाखवा

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. डेटाबेसमध्ये तारखेसाठी डेट नावाचा सरळ, आयता प्रकार असताना ती व्हारचारमध्ये, म्हणजे नुसत्या मजकुराच्या प्रकारात, कोंबायची ही काय अवदसा आहे? कॉलेजच्या प्रोजेक्टचं म्हणत नाहीये मी. रत्नागिरीकडच्या एका मच्छीमार सोसायटीच्या सॉफ्टवेअरचं बोलतोय. बोटवाल्यांचा डिझेलवरच्या कराचा परतावा त्या नोंदींवर ठरतो.

परवा एक काका आले. माझ्या वडिलांच्या वयाचे, अख्खी हयात दर्यावर गेलेली. हातात कागद. तुमची नौका ५ जूनला समुद्रात होती, पावसाळी मासेमारीची बंदी मोडलीत, सबब परतावा रोखला आहे. काका म्हणाले, "अरे बाळा, पाच जूनला होडी शाकारून किनाऱ्यावर होती. झापं मी स्वतः घातली. ती जाईल कुठनं?" आवाज चढला नव्हता त्यांचा, पण कागद धरलेला हात थरथरत होता.

टेबल उघडलं. रकान्यात मजकूर: ०६/०५/२०२५. म्हणजे ६ मे. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं की दिवस आधी, महिना नंतर. पण हा मजकूर दुसऱ्या प्रणालीत चढवताना तिथे महिना आधी धरला गेला आणि ६ मेचा झाला ५ जून. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी. झाला माणूस गुन्हेगार! आणि याहून संतापजनक म्हणजे १३ ते ३१ तारखांच्या नोंदी बरोबर उतरल्या, कारण तेरावा महिना नसल्यामुळे प्रणालीने तिथे गुपचूप दिवस आधी धरला. म्हणजे वरवर चाळलं तर सगळं ठीकच दिसतं.

डेट प्रकारात दिवस कुठला नि महिना कुठला हा प्रश्नच उरत नाही. आत तारीख असते, ती दाखवायची कशी हे पडद्यावर ठरवा. फाइलमधून पाठवायचीच असेल तर २०२५-०५-०६ अशी पाठवा. तारीख अशी लिहिण्याचं आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून आहे. कोणाची वाट बघताय?

मजकुराचे बाकीचे ताप तर विचारूच नका. ३१/०५/२०२५ ही ०१/०८/२०२५ च्या नंतरची ठरते, कारण तुलना अक्षरांची होते. "या महिन्यात कोणाचे परवाने संपतायत" एवढा साधा प्रश्न विचारायचा तर प्रत्येक ओळीवर आधी मजकुराची तारीख करा, मग मोजा. इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, असून काडीचा उपयोग नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये डेटला ३ बाइट लागतात, दहा अक्षरांच्या या मजकुराला ११. जागाही जास्त, वेळही जास्त, वर उत्तर चुकीचं. शिवाय रकाना काहीही गिळतो. ३१/०९/२०२४ अशी तारीख आहे त्यात. एका ठिकाणी तर "पुनवेच्या दुसऱ्या दिवशी" असं टाइप केलेलं आहे. लिहिणाऱ्या क्लार्कताईंचा यात काय दोष? अडवायचं काम टेबलाचं होतं.

परतीची तारीख सक्तीची ठेवली आहे. बोट अजून समुद्रात असेल तर ताईंनी काय भरायचं? मग ०१/०१/१९०० भरतात. अरे, माहीत नाही तर नल, म्हणजे रिकामं, असू द्या ना! खलाशांच्या जन्मतारखा कोणीतरी टाइमस्टँप या तारीख-वेळेच्या प्रकारात ठेवल्यात. तो प्रकार १९७० च्या आधी जात नाही आणि २०३८ च्या जानेवारीत संपतो. साठीतल्या तांडेलाची, म्हणजे बोटीच्या म्होरक्याची, जन्मतारीख त्यात बसणार कशी? जन्म, परवाना, विमा यांना डेट. निघण्या-परतण्याला तारीख आणि वेळ एकाच रकान्यात, कारण बोटी रात्री निघतात नि पहाटे येतात. तारीख एका रकान्यात आणि "पहाटे ४" दुसऱ्यात ठेवून फेरी किती तासांची झाली हे कोण काढणार?

वेळेचंही तेच. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. १ ऑगस्टला पहाटे ४ वाजता, बंदी उठल्यावर, रीतसर निघालेली बोट त्यात ३१ जुलै, रात्री साडेदहा अशी दिसते. पुन्हा बंदीभंग! यूटीसीत ठेवायला माझी ना नाही, पण अहवाल काढताना भारतीय वेळ करा की. आणि मेचा हिशोब काढताना "३१ मे पर्यंत" अशी अट घालू नका, त्यात ३१ मे सुरू होतानाची मध्यरात्र धरली जाते आणि ३१ मेच्या दिवसभरातल्या सगळ्या फेऱ्या गळतात. "१ जूनच्या आधी" असं लिहा, आणि तेही रकान्यावर फंक्शन न चढवता, म्हणजे इंडेक्स वापरला जाईल.

आता दुरुस्ती म्हणजे १ ते १२ तारखांची प्रत्येक नोंद कागदी रजिस्टरशी ताडून बघणं. नुसत्या आकड्यांवरून दिवस कुठला नि महिना कुठला हे आता छातीठोक सांगता येत नाही. ताई आणि मी मिळून ते करतोय. ज्यांनी हे टेबल बांधलं त्यांना फोन केला, तर म्हणतात तारखेचा फॉरमॅट बदलणं मूळ कामात येत नाही, त्याचे वेगळे पैसे पडतील. काकांचा परतावा अजून अडकलेलाच आहे.