टायटल आणा, टायटल!

अमेरिकेत जुनी शिडाची बोट विकत घेणं सोपं आहे हो. पण शेजारच्या राज्यातून आणलेली बोट आपल्या राज्यात नावावर करून दाखवा! या महिन्यात तिसऱ्यांदा नोंदणी कचेरीच्या त्याच खिडकीपुढे उभा होतो.

"टायटल कुठंय?" म्हणजे मालकीचा सरकारी दाखला. अहो, विकणाऱ्याच्या राज्यात असल्या बोटीला टायटल देतच नाहीत. नुसतं रजिस्ट्रेशन. ते दिलंय त्यानं, सोबत सहीशिक्क्याचं विक्रीपत्र. "मग टायटल नसल्याचं पत्र आणा तिथून." तिथं फोन केला, तर म्हणे जे आम्ही देतच नाही, ते दिलं नाही असं लिहून कसं देणार? (मुद्दा बरोबर आहे, म्हणून जास्तच डोकं फिरलं.)

मग हल नंबर, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक. बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे कोरलेला, १२ अक्षर-आकड्यांचा. तो सक्तीचा झाला नोव्हेंबर १९७२ पासून. माझी बोट १९७१ ची. तरी हुकूम: "पेन्सिलनं ठसा उतरवून आणा." कशाचा उतरवू, शेवाळाचा?

बोट वाहून न्यायच्या ट्रेलरचं प्रकरण वेगळंच. वेगळा फॉर्म, वेगळी नंबरप्लेट. कर किती होतो ते मात्र पहिल्याच फेरीत एका मिनिटात काढून दिलं होतं, सेंटसकट.

पुढच्या टोकाशी दोन्ही बाजूंना ३ इंची रजिस्ट्रेशन नंबर लावायचे असतात. जागा घासूनपुसून तयार ठेवलीये. नंबर कोणता, देव जाणे. सोमवारी चौथी फेरी.