दोन आठवड्यांत माणूस पाहुणाच असतो

‘दोन आठवड्यांचा परदेशी मुक्काम अधिकाऱ्याची दृष्टी बदलून टाकतो’ हे कंपन्यांनी अधिकाऱ्यांना परदेशी पाठवण्याबद्दलच्या लेखातलं वाक्य मला काही पटलं नाही. दोन आठवडे गाडी न्यायला येते, दुभाषा सोबत असतो, सगळे हसून बोलतात. यात बदलतं काय? सॅमसंगने १९९० मध्ये सुरू केलेल्या योजनेत निवडक कर्मचाऱ्यांना आधी भाषा शिकवून वर्षभर परदेशात ठेवलं जायचं, तेही कामाची ठरावीक जबाबदारी न देता. भाषा मुरवा, माणसं जोडा, बस्स. आयबीएम या संगणक कंपनीचा २००८ मध्ये सुरू झालेला परदेशी पाठवण्याचा उपक्रम जेमतेम महिन्याभराचा, हे मान्य; पण तिथे निदान स्थानिक संस्थेचा खराखुरा प्रश्न सोडवायला हातात तरी द्यायचे.

मी स्वतः दीड वर्ष परदेशातल्या शाखेत होतो. पहिले चार महिने बैठकीत सगळे माना डोलवायचे आणि मी खूश! ते ‘हो’ म्हणजे फक्त ‘ऐकलं’, हे फार उशिरा कळलं. खरा नकार दोन दिवसांनी, तिसऱ्याच माणसाच्या तोंडून, आडून आडून यायचा. तो ओळखायला मला वर्ष लागलं (आणि एक प्रकल्प गमवावा लागला). शिवाय परत आल्यानंतरचं काय, यावर लेखात चकार शब्द नाही. मी परतलो तेव्हा माझी खुर्ची भरलेली होती आणि तिथे काय शिकलास, हे कुणी विचारलंही नाही. सहा महिन्यांत मी राजीनामा दिला. खर्च एका कंपनीने केला, उपयोग दुसरीला झाला.