शिरा दाखवणारं यंत्र: एक्स-रे नव्हे आणि जादूही नव्हे

हातावर हिरवा उजेड पडतो, शिरांचं जाळं उमटतं. 'आता बाळाला दुसऱ्यांदा टोचायची वेळच येणार नाही' म्हणत असा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यालाच कुणी 'हा एक्स-रे आहे, बाळाला लांब ठेवा' असंही जोडलंय. दोन्ही चूक.

यंत्र सोडतं तो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषून घेतं, आजूबाजूची कातडी-चरबी परतवते. कॅमेरा हा फरक टिपतो आणि त्याचं चित्र हिरव्या उजेडात तिथेच कातडीवर पाडतो. म्हणजे हिरवा दिसतो तो नुसता नकाशा. शोध घेणारा प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही.

पण हा प्रकाश जेमतेम १ सेंटिमीटर खोल पोचतो. शीर कुठून जाते ते कळतं, किती खोल आहे ते नाही. गुटगुटीत बाळाची खोल शीर सापडेना, तर सोनोग्राफी जास्त कामी येते. चाचण्यांमध्येही पहिल्याच टोचणीत यश मिळण्याचं प्रमाण सगळीकडे वाढलेलं दिसलं नाही. अनुभवी सिस्टर बोटाने चाचपून शीर कशी लवते ते बघते. ते काम यंत्राचं नाही.

जाता जाता, सलाईन लावलेल्या मुलाला सांगतात ते 'हात हलवू नकोस, आत सुई आहे' हेही खरं नाही. सुई लावतानाच बाहेर येते. आत राहते ती मऊ प्लॅस्टिकची नळी. लहानग्यांना बहुधा पिवळ्या रंगखुणेची, २४ नंबरची बारीक नळी. तिथे सूज आली किंवा दुखलं, तर मात्र लगेच सिस्टरला हाक मारा.